धन्य दरबार आणि अधन्य दरबार

गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारीं दुपारीं माझ्या घराच्या दिवाणखान्यांत एक खटला उभा राहिला व त्याचा निवाडा करण्यासाठीं मला वामकुक्षींतून उठवून नेण्यांत आलें. वादी होती माझी कन्या. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. प्रतिवादी होती एक राणी. परंतु ती हजर नव्हती, कारण ती कोठेंच नाहीं. तिच्या वतीनें कन्येचा एक मित्र बोलत होता, आणि आणखी तिघे चहाचे पेले व चिवड्याच्या बशा पुढें घेऊन सतरंजीवर बसले होते. मध्यें वीस बाजूंचा एक फांसा पडला होता.

ही मंडळी दर रविवारीं जो खेळ खेळतात त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांच्या घरीं अठरा-वीस वर्षांचीं मुलें आहेत अशा वाचकांस तो सांगावयास नको. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. ह्या खेळांत पटावांचून अडत नाहीं, आणि शेवटीं कोणी जिंकतही नाहीं. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक व्यक्तीचें सोंग घेतो. त्या व्यक्तीनें काय करावें व काय बोलावें हें तो ठरवितो. एक जण सूत्रधार असतो. जग त्याचें, हवापाणी त्याचें, शत्रु-मित्रही त्याचेच. योजिलेलें कृत्य साधलें कीं फसलें हें फांसा सांगतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकनांचा हा खेळ १९७४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून त्याचे ग्रंथ इतके वाढले आहेत कीं आपल्या अठरा पुराणांस त्यांचा हेवा वाटावा.

खटला असा होता. कन्येनें सोंग घेतलें होतें एका भटक्या शिलेदारणीचें. तिनें एका अनाथ मुलाला वांचवून परीलोकांतील ग्रीष्मराणीच्या आश्रयास आणलें. राणीनें शब्द दिला कीं, माझ्या छताखालीं असेपर्यंत ह्या मुलाच्या केसालाही धक्का लागणार नाहीं. उलट शिलेदारणीनें शब्द दिला कीं, राणीच्या कोणाही पाहुण्यावर मी शस्त्र उचलणार नाहीं. त्याच रात्रीं राणीच्या सेवकांनीं मंडपाचें छत उतरविलें. वर चांदणें पडलें, आणि पाहुण्यांपैकीं एकानें मुलाला उचलून नेलें.

"राणी खोटें बोलली," हें कन्येचें म्हणणें.

"राणी एक अक्षरही खोटें बोलली नाहीं," सूत्रधार म्हणाला. "त्या लोकांना खोटें बोलतांच येत नाहीं. शिवाय ती सीली दरबाराची आहे. म्हणजे चांगल्या पक्षाची."

"बाबा, तुम्ही सांगा."

तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला परीलोकाच्या कायद्याविषयीं मत असावें ही अपेक्षा कांहीं गैर नव्हती. पण मीं मत दिलें नाहीं. "विचार करून सांगतों" असें म्हणून मी परत खोलींत गेलों, आणि मुलांनीं त्याचा अर्थ झोंप असा केला. खरें कारण निराळें होतें. तें पुढें यथाक्रम येईल. आधीं ह्या दरबारांची चौकशी करणें प्राप्त आहे.

'सीली' हा शब्द स्कॉटलंडांतला. त्याचें मूळ जुन्या इंग्रजींत आहे व अर्थ धन्य, सुखी, पुण्यवान असा आहे. जर्मन भाषेंत त्याचा भाऊ 'झेलिग' अजून त्याच अर्थानें नांदतो. इंग्रजींत मात्र त्याच शब्दाचें 'सिली' होऊन तो मूर्खपणाचा वाचक झाला. धन्य तो निष्पाप, निष्पाप तो भोळा, भोळा तो मूर्ख. शब्दाची ही उतरती भांजणी मी वर्गांत दरसाल मोठ्या चवीनें सांगत आलों आहें. तेव्हां सीली दरबार म्हणजे धन्य दरबार, अनसीली म्हणजे अधन्य. 'परी' ह्या आपल्या शब्दानें पंख लावलेली व हातीं चांदीची कांडी घेतलेली जी बालिका डोळ्यांपुढें येते तिला येथें वाचकांनीं क्षणभर दूर ठेवावें. हे दरबारी लोक आपल्या यक्षांच्या अधिक जवळचे: देखणे, मानी, प्रश्न विचारणारे आणि उत्तर चुकल्यास क्षमा न करणारे.

परंतु त्यांस 'धन्य' हें नांव दिलें कोणीं, व कां? तें आदरानें दिलेलें नांव नव्हे, भीतीनें दिलेलें आहे. स्कॉटलंडांतले शेतकरी त्यांस 'चांगले शेजारी' म्हणत, 'भले लोक' म्हणत. रॉबर्ट चेंबर्स ह्यानें १८२६ सालीं स्कॉटलंडांतील लोकगीतांचा जो संग्रह छापला त्यांत एक परी स्वतःच बजावते कीं, मला अमुक नांवानें हांक मारलीत तर अमुक भोगाल. 'सीली' म्हटलेंत तर मात्र रात्रंदिवस मैत्री राखीन. रात्रीं सापाचें नांव न घेतां 'लांबडें' म्हणणाऱ्या आणि एका भयंकर रोगाला 'देवी' म्हणून ओवाळणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांस ह्याचें नवल वाटलें नसतें. अशा नांवावरून ज्याला नांव दिलें त्याच्या शीलाचा बोध होत नाहीं. देणाराची छाती किती धडधडत होती एवढेंच कळतें.

जुनीं कथागीतें ह्या दृष्टीनें वाचून पाहावीं. 'ॲलिसन ग्रॉस' नांवाच्या गीतांत एक चेटकीण एका पुरुषाला नाना प्रकारच्या भेटी देऊं करून त्याचें प्रेम मागते. तो नाकारतो, म्हणून ती त्याला किडा करून झाडाभोंवतीं वेटोळें घालावयास लावते. पुढें ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्रीं सीली दरबाराची स्वारी त्या वाटेनें जाते. राणी घोड्यावरून उतरते, त्या किड्याला मांडीवर घेऊन तीन वेळां कुरवाळते, आणि तो पुन्हा माणूस होतो. कां? त्यानें तिचें कांहीं भलें केलें नव्हतें, तिची प्रार्थनाही केली नव्हती. तो वाटेंत होता आणि तिच्या मनांत आलें, एवढेंच कारण.

दुसरें गीत 'टॅम लिन'. ह्यांतही दयेनेंच आरंभ होतो. एट्रिक व यॅरो ह्या नद्यांच्या संगमाजवळ कार्टरहॉ म्हणून जागा आहे. एक तरुण घोड्यावरून पडतो, परीराणी त्याला झेलते आणि आपल्या दरबारीं ठेवून घेते. तेथें त्याला दुःख कसलें म्हणून नाहीं. मात्र दर सात वर्षांनीं त्या दरबाराला नरकाकडे एक जीव खंडणी म्हणून भरावा लागतो, आणि आपण धष्टपुष्ट असल्यामुळें ह्या खेपेस पाळी आपलीच येणार असें त्याला भय वाटतें. त्याच्यापासून गरोदर राहिलेली जेनेट त्याच ऑक्टोबरच्या रात्रीं स्वारीच्या वाटेवर उभी राहते, पांढऱ्या घोड्यावरून त्याला खालीं ओढते, आणि तो तिच्या मिठींत साप, अस्वल, सिंह व तापलेलें लोखंड अशीं रूपें घेत असतांही त्याला सोडीत नाहीं. राणी हरते, आणि हरल्यावर म्हणते कीं, हें होणार असें ठाऊक असतें तर मीं ह्याचे डोळे काढून लांकडाचे बसविले असते.

किड्याला कुरवाळणारी ती हीच राणी काय? गीतें सांगत नाहींत. पण रात्र तीच, स्वारी तीच, आणि घोड्यावरून उतरण्यांतली ती सहजताही तीच असावी असें मला वाटतें. तिची दया खोटी नव्हती. तिच्या सुखाचें भाडें मात्र दर सात वर्षांनीं दुसरा कोणी भरीत होता.

दंतकथेंतून निघून आतां सरकारी दफ्तरांत येऊं. १५७६ सालीं एअरशायरमधील डॅलरी येथील बेसी डनलॉप नांवाच्या बाईवर चेटकाचा खटला झाला. तिची जबानी दफ्तरांत आहे. पिंकीच्या लढाईंत १५४७ सालीं पडलेल्या टॉम रीड नांवाच्या माणसाचें भूत आपणांस भेटतें, त्याच्याकडून औषधें कळतात व लोकांच्या हरवलेल्या वस्तूंचा पत्ता लागतो, असें तिनें सांगितलें. त्यानें एकदां तिला आठ स्त्रिया व चार पुरुष अशी मंडळी दाखविली. हे परीदरबारांतले भले जीव, तुला न्यावयास आले आहेत, असें तो म्हणाला. बाईनें उत्तर दिलें कीं, मी नवऱ्यामुलांत राहतें, त्यांना सोडून येणार नाहीं. पूर्वीं ती बाळंतीण असतां एक धिप्पाड बाई घरांत शिरून बांकावर बसली होती व तिनें प्यावयास मागितलें होतें. ती परीलोकाची राणी होती, असेंही टॉमनें तिला मागाहून सांगितलें. मला ह्या जबानींतली तहानलेली राणी फार खरी वाटते. न्यायाधीशांना मात्र ह्यांतील कोणत्याही गोष्टीचें कौतुक वाटलें नाहीं. त्यांच्या जगांत दोनच दरबार होते, देवाचा आणि सैतानाचा. जो पहिल्यांत नाहीं तो दुसऱ्यांतला. बेसी डनलॉपला जाळण्यांत आलें.

ह्यानंतर एकशें पंधरा वर्षांनीं, १६९१ सालीं, ॲबरफॉइल येथील धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क ह्यानें ह्या लोकांवर एक प्रबंध लिहिला. तो त्यांस मनुष्य आणि देवदूत ह्यांच्या मधली जात मानतो. त्यांस सरदार आहेत, कायदे आहेत, परंतु धर्म म्हणून कांहीं दिसत नाहीं, असें तो सांगतो. कायदे आहेत आणि धर्म नाहीं: माझ्या कन्येच्या खटल्याचें मर्म ह्या पाद्र्यानें तीन शतकांपूर्वीं नोंदून ठेवलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

दरबार म्हटला कीं तट आलेच, आणि परीलोकांतला सर्वांत प्रसिद्ध तंटा शेक्सपिअरनें 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' ह्या नाटकांत रंगविला आहे. ओबेरॉन राजा व टायटेनिया राणी ह्यांचें भांडण कशावरून? एका हिंदी मुलावरून. ह्या मुलाची हकीकत नाटकांत दोनदां येते, आणि दोन्ही हकीकती जुळत नाहींत. राजाचा सेवक पक म्हणतो कीं, राणीनें हा मुलगा हिंदुस्थानच्या एका राजापासून चोरून आणला. राणी म्हणते कीं, ह्याची आई माझी भक्तीण होती. आम्ही दोघी समुद्रकांठच्या वाळूंत बसून जहाजें पाहात असूं. ती बाळंतपणांत मेली, आणि तिच्यासाठीं मी ह्याला वाढवितें. राणीचें भाषण इतकें सुंदर आहे कीं ऐकणारा तत्काळ तिच्या पक्षाचा होतो. मी स्वतः तें भाषण दरसाल वाचून दाखवितों आणि दरसाल गहिवरतों. पण त्या मुलाच्या बापाचें काय झालें, हा प्रश्न मला तीस वर्षांत सुचला नाहीं व माझ्या कोणाही विद्यार्थ्याला सुचला नाहीं. आपण हिंदी लोक! ह्या तंट्यापायीं ऋतु उलटेपालटे होतात, नद्यांना पूर येतात, गरिबांचें धान्य शेतांत कुजतें; शेवटीं राजा फुलाच्या रसाची लबाडी करून मुलगा पटकावतो, दोघांचा समेट होतो आणि नाचगाणें होतें. मुलाला नाटकाच्या संहितेंत एकही वाक्य नाहीं. तो कोणाच्या दरबारीं सुखी होता हें कोणी विचारीत नाहीं. आणि तरीही आपण त्या समेटाला सुखान्त म्हणतों.

आतां खेळाकडे वळूं. त्याच्या ग्रंथांचा इतिहास मीं कन्येकडून उसनीं पुस्तकें घेऊन वाचला, आणि एखाद्या नीतिशास्त्राच्या प्राध्यापकानें हेवा करावा इतका तो मनोरंजक आहे. आरंभीं ह्या खेळांत प्रत्येक पात्राला तीनपैकीं एक पक्ष घ्यावा लागे: सुव्यवस्था, अव्यवस्था, अथवा मध्यस्थता. ह्या कल्पनेचें एक मूळ पोल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' ह्या कादंबरींत आहे, आणि तींत सारा परीलोक अव्यवस्थेच्या बाजूचा आहे. पुढें सुष्ट-दुष्ट हा दुसरा भेद त्याला आडवा घालून नऊ घरांचा तक्ता तयार झाला; १९७८ च्या नियमग्रंथांत तो दिसतो. सुव्यवस्थित सुष्ट, अव्यवस्थित सुष्ट, सुव्यवस्थित दुष्ट, अशी ही वर्णव्यवस्था! पुढें सीली व अनसीली दरबार ह्या तक्त्यांत बसविले गेले. १९९२ च्या 'मॉन्स्टर मिथॉलॉजी' ह्या ग्रंथांत टायटेनिया सीली दरबाराची मुख्य, आणि तिच्यासमोर उभी 'वायूची व अंधाराची राणी', जिचें नांव हाउसमनच्या १९२२ मधील एका कवितेंतून आलेलें आहे. एक बाजू उजेडाची, दुसरी काळोखाची. बेसी डनलॉपच्या न्यायाधीशांस ही मांडणी पसंत पडली असती.

पण २०१४ च्या ग्रंथांत खेळाच्या कर्त्यांनीं स्वतःच ही मांडणी दुरुस्त केली. त्यांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, सीली म्हणजे सुष्ट व अनसीली म्हणजे दुष्ट असें समीकरण माणसें करतात खरीं, पण दोन्ही दरबारांचें वैर नीतीवरून नाहीं. तें दोन राण्यांच्या मत्सरावरून आहे. हें वाक्य मीं सूत्रधाराच्या दृष्टीस आणलें. त्यानें तें वाचलें होतें. फक्त तें त्या राणीला लागू करावें असें त्याच्या मनांत आलें नव्हतें.

ह्याच जातीच्या दुसऱ्या एका खेळांत, १९९५ च्या 'चेंजलिंग: द ड्रीमिंग' ह्यांत, ह्याहून खोल विचार आढळतो. तेथें प्रत्येक पात्राच्या ठायीं सीली व अनसीली असे दोन्ही स्वभाव असतात. एक वर आला कीं दुसरा आंत दबून राहतो, आणि पारडें केव्हांही फिरूं शकतें. दोन्ही दरबारांनीं वर्ष वांटून घेण्याचा जुना रिवाजही त्यांत आहे: उन्हाळ्याचें अर्धें वर्ष एकाचें राज्य, हिंवाळ्याचें अर्धें दुसऱ्याचें. त्याच्याच २००७ मधील उत्तराधिकारी खेळांत पात्रें म्हणजे परीलोकानें पळवून नेलेलीं व तेथून कशींबशीं निसटलेलीं माणसें. तीं चार ऋतूंचे चार दरबार करतात आणि एका ऋतूचा अंमल संपला कीं दुसऱ्याच्या हातीं सत्ता देतात. त्यामागचें कारण मला फार आवडलें. ज्या धन्यांनीं त्यांस पळविलें त्यांस सगळें समजतें, पण आपण होऊन सत्ता सोडणें हें मात्र समजत नाहीं. म्हणून हा रिवाज हेंच पळालेल्यांचें संरक्षण.

येथें कोणी म्हणेल, दरबार सुष्टही नव्हे आणि दुष्टही नव्हे असें ठरलें म्हणजे नीतीचा प्रश्नच मिटला. राणीनें केलें तें तिच्या जातीस धरून केलें. मला हें मान्य नाहीं. उलट, दरबार हा नीतीचा पुरावा नव्हे असें ठरलें कीं मगच राणीचा स्वतःचा खटला सुरू होतो. तोंपर्यंत ती 'सीली' ह्या छताखालीं बसलेली असते. पक्ष चांगला म्हणून माझें कृत्य चांगलें, हा युक्तिवाद परीलोकापुरताच राहिला असता तर हा निबंध लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें.

तर राणी खोटें बोलली काय? विल्यम पेली ह्या इंग्रज नीतिशास्त्रज्ञाचा ग्रंथ १७८५ चा. आतां तो कोणी वाचीत नाहीं. पण वचनाविषयींचा त्याचा नियम मला अजून मोडतां आलेला नाहीं. वचन देतेवेळीं, ऐकणारा त्याचा जो अर्थ घेत आहे असें देणाराला ठाऊक असेल, त्याच अर्थानें तें पाळलें पाहिजे, असें तो म्हणतो. आणि दाखला देतो तैमूरलंगाचा. आजच्या तुर्कस्तानांतील सिवास शहराच्या शिबंदीला तैमूरनें वचन दिलें कीं, शरण आलांत तर रक्ताचा थेंब सांडणार नाहीं. शिबंदी शरण आली. तैमूरनें सर्वांना जिवंत पुरलें. रक्ताचा थेंब सांडला नाहीं! ग्रीष्मराणीनें छत उतरविलें तेंही ह्याच शास्त्रानें. ऐकणाऱ्या शिलेदारणीनें 'छताखालीं' ह्याचा अर्थ 'आश्रयांत' असा घेतला होता, आणि राणीला तें ठाऊक होतें. पेलीच्या न्यायालयांत राणी हरते.

हें सारें मला त्या रविवारींच ठाऊक होतें. पण पेलीबरोबर दुसरे दोघे डोळ्यांपुढें उभे राहतात. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणारा धर्मराज तर आपल्या प्रत्येकाच्या घरचाच. भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं खालीं टेंकला, इतका निकाल आपल्या व्यासांनीं देऊन ठेवला आहे. दुसरा इमॅन्युएल कांट. खोटें बोलणें कोणत्याही स्थितींत क्षम्य नाहीं असें सांगणारा हा तत्त्ववेत्ता! १७९४ सालीं प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम ह्यानें त्याला धर्मविषयक लेखनाबद्दल दटावलें. कांटनें लिहून दिलें कीं, महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन ह्या नात्यानें मी धर्मावर लिहिणार नाहीं. १७९७ सालीं राजा मेला. आतां आपण 'त्या' महाराजांचे प्रजाजन राहिलों नाहीं, म्हणून वचनही उरलें नाहीं, असें ठरवून कांट पुन्हा लिहूं लागला. आणि ते शब्द आपण मुद्दामच योजले होते हें त्यानें १७९८ सालीं छापूनही टाकलें. परीदरबारांत ह्या वाक्याबद्दल कांटला मानाचें आसन मिळालें असतें.

मग कांट आणि राणी एकाच पंक्तीचे काय? मला तसें वाटत नाहीं, आणि ह्या 'वाटण्या'ला आधार शोधीत मीं बरेच दिवस घालविले. फरक असा दिसतो. राजाच्या हातीं कांटची नोकरी होती. कांटच्या हातीं राजाचें कांहींच नव्हतें. दुबळ्यानें शब्दाच्या फटींतून अंग काढून घेतलें. गोष्टींतलीं माणसेंही परीलोकाच्या तावडींतून सुटतात तीं पुष्कळदां अशाच फटींतून, आणि आपण टाळ्या वाजवितों. राणीची गोष्ट उलट आहे. तेथें एक जीव तिच्या शब्दावर टेंकून उभा होता, आणि फट ठेवणारी होती ती जिच्या हातीं सारें होतें. फट एकच; एकजण तींतून स्वतः बाहेर निघतो, दुसरा तींत दुसऱ्याला लोटतो. धर्मराजाला मात्र ह्या वांटणींत कोठें बसवावें तें मला समजत नाहीं. द्रोण त्याच्याहून बलवान होता, आणि द्रोणच त्याच्या शब्दावर विसंबला होता.

आतां माझें कारण सांगतों. बावीस वर्षांपूर्वीं मी एका महाविद्यालयांत होतों. तेथें अध्यापकांचे दोन तट होते. त्यांचें मूळ भांडण कशाचें हें मी येईपर्यंत बहुतेकजण विसरले होते, तरी चहाच्या वेळीं बसावयाच्या जागा मात्र कोणी विसरला नव्हता. आमचा तट स्वतःला तत्त्वनिष्ठ म्हणवीत असे. एक तरुण गृहस्थ तात्पुरत्या नेमणुकीवर आले होते; शिकवीत उत्तम; तट त्यांना नव्हता, किंवा चुकून दुसऱ्या तटाच्या टेबलापाशीं बसत. त्यांच्या नेमणुकीचा प्रश्न सभेपुढें येणार होता. आदल्या संध्याकाळीं ते माझ्या घरीं आले. त्यांना कांहीं मागतां येईना. मींच म्हणालों, "तुमच्याविरुद्ध माझ्या तोंडून एक शब्दही निघणार नाहीं." ते उठून नमस्कार करून गेले, त्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो कां उजळला हें मला पुरतें कळत होतें.

सभेंत माझ्या तटानें त्यांच्याविरुद्ध ठराव मांडला. मी त्यांच्याविरुद्ध एक शब्दही बोललों नाहीं. मी कांहींच बोललों नाहीं. विभागाचा ज्येष्ठ अध्यापक म्हणून मला विचारणा झाली तेव्हां मीं समोरचे कागद चाळले. माझ्या एका वाक्यानें ठराव पडला असता. हें तेव्हांही सर्वांना ठाऊक होतें. दुसऱ्या दिवशीं ते आपलीं पुस्तकें नेण्यास आले असतां जिन्यांत भेटले. "आपण शब्द पाळलात, सर," ते म्हणाले. त्यांच्या स्वरांत उपरोध होता कीं नव्हता ह्याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. उपरोध नव्हता असेंच मला अलीकडे वाटूं लागलें आहे, आणि तें अधिक वाईट आहे. पुढें कित्येक वर्षें मी ही गोष्ट घरीं स्वतःच्या सचोटीचा दाखला म्हणून सांगत असें. माझी पत्नी ती ऐकून घेई व उठून दुसऱ्या कामाला लागे.

कन्येनें ती गोष्ट लहानपणीं ऐकली होती. त्या रविवारीं तिनें मला न्यायाधीश म्हणून बोलाविलें तेव्हां ती तिच्या लक्षांत होती काय, हें मीं विचारलेलें नाहीं.

पुढच्या रविवारीं खेळ पुढें चालला. मी दाराशीं खुर्ची घेऊन बसलों. मुलाला नेणारा पाहुणा सांपडला. पण कन्येच्या शिलेदारणीनें त्याच्यावर शस्त्र न उचलण्याचा शब्द दिला होता. मित्रांनीं लागलीच फटी शोधल्या. एक म्हणाला, दगड हें शस्त्र नव्हे. दुसरा म्हणाला, शस्त्र उचलूं नको, जमिनीवर धरून ठेव आणि त्याला त्यावर ढकल. सूत्रधारालाही ही युक्ति मान्य होती. राणीनें जें केलें तेंच राणीच्या पाहुण्यावर उलटवावयाचें. वर मीं मांडलेल्या विचाराप्रमाणें तर तें सर्वस्वीं क्षम्य होतें, कारण येथें दुबळी तीच होती. कन्येनें बराच वेळ फांसा हातांत फिरविला. मग ती म्हणाली कीं, मी राणीपुढें जातें, मी शब्द मोडीत आहें असें तिला तोंडावर सांगतें, आणि मग तलवार उपसतें. "त्याची किंमत पडेल," सूत्रधार म्हणाला. "पडूं दे." त्यानें तिच्या पात्राचें नांव काढून घेतलें, ह्यापुढें परीलोकांत तिला कोणी हांक मारूं शकणार नाहीं, दारें तिच्यासाठीं उघडणार नाहींत. मुलगा परत मिळाला. खेळ अजून चालू आहे व ती बिननांवाची हिंडत आहे. तिनें चूक केली असें तिच्या दोघां मित्रांचें अजूनही मत आहे, आणि त्यांचा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं: शब्द मोडणारी शिलेदारीण उद्यां दुसऱ्या कोणाला शब्द देईल तेव्हां त्यानें तो काय म्हणून घ्यावा? मी ह्याचें उत्तर शोधीत आहें.

त्या गृहस्थांचा ठावठिकाणा मला एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळाला आहे. ते दुसऱ्या शहरांत आहेत, आणि शिकवीत नाहींत. गेल्या आठवड्यांत मी त्यांस पत्र लिहावयास बसलों. पहिलें वाक्य सहज उतरलें: त्या सभेंत मी आपल्याविरुद्ध कांहीं बोललों नव्हतों, हें आपणांस ठाऊक आहेच. लिहून झाल्यावर तें पुन्हा वाचलें. त्यांतील अक्षर न् अक्षर खरें होतें. मीं तें खोडलें, आणि कागद अद्याप टेबलावर तसाच आहे.